अखेरच्या दिवसांतील गाणे
प्रश्न : वडील कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत आहेत, घरी गायक बोलवावा काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बेलाशक बोलवा, मात्र मैफल म्हणून नव्हे, सोबत म्हणून. ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवात थंडीच्या रात्री जागवल्या त्यांस राग हवा असेल, वारकऱ्यास हरिपाठ, निवड त्यांचीच. तंबोरा मंद छेडीत, रुग्णाच्या छातीच्या चढउतारावर दृष्टी ठेवून गायकाने लय धरावी आणि श्वास मंदावताच तीही मंदावावी. ध्वनिमुद्रिकेस हे साधत नाही. कपाळी आठी दिसताच थांबावे. चादरीवर बोटे ठेका धरू लागली, तर तेच धृपद पुन्हा घ्यावे. वेदनाशामक औषधे मात्र गाण्यापायी तहकूब करू नयेत. त्यांविषयी वारज्याच्या सिप्ला उपशामक केंद्रात विचारावे, जेथे १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होत आली आहे.