आजार नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न : मी तिरोडीचा. नागपुरात राहून ‘नीट’ची तयारी करतो. रूममेट ‘फोकस’ वाढवायची गोळी घेतो. घरी आईच्या डिप्रेशनच्या गोळ्या असतात. मला काही आजार नाही, पण यांतली एखादी घेतली तर फायदा होईल का?

उत्तर : नाही. दोन्ही गोळ्या फसवतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

मित्राची गोळी बहुधा मिथाइलफेनिडेट किंवा मोडाफिनिल असावी. पहिली एडीएचडी या एकाग्रतेच्या विकारासाठी, दुसरी झोपेच्या काही आजारांसाठी. उत्तेजक गोळीचा असर काही तासांतच जाणवतो. झोप उडते, हुरूप येतो. मेलबर्न विद्यापीठाने 40 निरोगी तरुणांना अशी औषधं देऊन कोडी घातली : ठरावीक वजनात जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू पिशवीत बसवा. 2023 साली निकाल प्रसिद्ध झाला. मुलांनी वेळ जास्त घेतला, वस्तू पुन्हापुन्हा काढल्या-घातल्या, पण निवडीचा दर्जा घसरला. एरवी हुशार ठरलेलेच जास्त मागे पडले. शिवाय छातीत धडधड, भूक मरणं आणि झोपेचा बोजवारा आहेच.

आईच्या गोळीचं तंत्र निराळं. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोही आजार असेल तर. निरोगी माणसाचं मन तिने प्रफुल्लित होतं, असा भरवशाचा पुरावा नाही. 66 निरोगी लोकांना तीन आठवड्यांहून अधिक काळ एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध किंवा नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी देऊन पाहिलं, तेव्हा औषध घेणारे ‘बरोबर-चूक’ कळल्यावर त्यातून शिकण्यात कमी पडले. मॉक टेस्टच्या चुकांवरच तुमची सगळी तयारी उभी आहे! मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. पाठदुखीवरच्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासोबत तर ही गोळी धोक्याची.

पण हे वाचून आईची गोळी बंद करू नका. तिला ती आजारासाठी दिली आहे. अचानक थांबवली तर चक्कर, चिडचिड, निद्रानाश होऊ शकतो.

तुमच्या तिरोडीच्या खाणीत रात्रपाळी करणाऱ्यांनीही जागं राहायला मोडाफिनिल स्वतःहून घेऊ नये. चहा पाळीच्या पूर्वार्धातच प्या, दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपा. झोप अनावर होत असेल तर डम्पर चालवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवडे मन उदास असेल, अभ्यासात रस उरला नसेल, तर तपासणी करून घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.