लातूरला टाकण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. कंधार तालुक्यात आमची चार एकर शेती. सध्या घरात एकच विषय, पोराला लातूरला टाकायचं की नांदेडला. ह्यांचं म्हणणं, बी ग्रुप घेऊन नीटची तयारी करू दे, पैशाचं बघू काहीतरी. मुलाला विचारलं तर 'तुम्ही म्हणाल ते' एवढंच. सहामाहीला विज्ञानात जेमतेम साठ टक्के पडले. पण गावात कुणाच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की बोलावणं यालाच येतं. त्याला नेमकं काय जमतं हे ओळखायचं कसं? कल चाचणी केली तर कळतं का?
— एक आई, कंधार तालुका

उत्तर : ताई, पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही 'पण' लावून शेवटी ढकललंय. ते मी आधी घेतो.

मोटार नुसती गुणगुणते, उचलत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी येतं तेव्हा तुमचा मुलगा काय करतो, हे एकदा बारकाईने बघा. तीन फेजपैकी एक गेलाय का, की मोटारच जाम झालीय? बटण दाबलं की चालते आणि सोडलं की बंद पडते, मग कॉइल गेली का? पॉइंट काळे पडलेत का? तो लक्षणावरून कारणाकडे जातो, एकेक शक्यता बाद करतो आणि उरलेल्या जागी हात घालतो. (मेन स्विच पाडल्याशिवाय घालत नाही ना, हे मात्र आजच विचारा.) हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्यावर कुणी मार्कही देत नाही. आणि मुख्य म्हणजे, गाव त्याला बोलावतं. मुलाची गती शोधायची तर माझी पहिली खूण हीच. लोक त्याला कशासाठी हाक मारतात? कुणाला बचत गटाचा हिशेब जुळत नाही म्हणून एखादी नववीतली पोरगी लागते, कुणाला भांडण मिटवायला एखादा पोरगा लागतो. घरच्यांना याचं कौतुक नसतं, कारण ते रोजचंच असतं.

दुसरी खूण मी त्याहून महत्त्वाची मानतो. चुकल्यावर मूल पुन्हा तिथेच जातं का? गणित चुकलं की वही मिटून टाकणारा मुलगा स्टार्टर चुकला तर रात्री जेवताना त्याचाच विचार करत असेल, तर ते नुसतं वेड नव्हे. आवड आणि कुवत दोन्ही असल्याशिवाय माणूस हरलेल्या जागी परत जात नाही.

आता कल चाचणीचं. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ही चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, ते त्यात सांगत. मला तिच्यात एक अडचण नेहमी दिसली. कल म्हणजे काय आवडतं आणि अभिक्षमता म्हणजे काय जमू शकतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघर त्यांची गल्लत होते. शिवाय जे कधी पाहिलंच नाही ते आवडतं की नाही, हे पोर सांगणार कसं? आपल्याकडच्या मुलाने आयुष्यात जवळून पाहिलेले व्यवसाय मोजा : शिक्षक, डॉक्टर, पोलीस, तलाठी, दुकानदार, शेतकरी. आर्किटेक्ट पाहिलेला नसतो, सांख्यिकीवाला तर नसतोच. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या 1962 पासूनच्या संस्थेत बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासणाऱ्या चाचण्या मिळतात. जमत असेल तर जरूर करा. पण निकालाचा कागद कुंडलीसारखा वाचू नका. त्यावरून मुलाशी बोलायला एक निमित्त मिळतं, तेवढं पुरे.

लातूरविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ज्याला आपण लातूर पॅटर्न म्हणतो तो राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव यांच्या काळात आकाराला आला. जादा तास, चाचणीमागून चाचणी, पेपर तपासून चूक दाखवणं आणि तोच प्रश्न पुन्हा सोडवून घेणं. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे दबणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांना त्याने आत्मविश्वास दिला, हे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण ती अभ्यास कसा करायचा याची रीत आहे. कशाचा करायचा, हे ती सांगत नाही. ते आधी ठरलेलं असेल तरच तिचा उपयोग. आपण नेमकं उलटं करतो. आधी रूम बघतो, मेस लावतो, आणि दोन वर्षांनी मूल रिपीटर बॅचला बसलं की विचारतो, 'तुला नक्की काय करायचं होतं रे?'

नीटचे गुण 720, त्यातले निम्मे, म्हणजे 360, जीवशास्त्राचे. पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ वाचून लक्षात ठेवण्याची चिकाटी तिथे लागते. ती तुमच्या मुलात आहे का? असेलही. स्टार्टरमध्ये दोष हुडकणारं डोकं डॉक्टरलाही लागतंच. पण रोगाआधी त्याला माणसाबद्दल कुतूहल हवं. घरात कुणी आजारी पडलं तर तो जवळ बसतो, की पंखा दुरुस्त करायला निघून जातो?

साठ टक्क्यांनी खचू नका, आणि त्यांच्याकडे डोळेझाकही करू नका. नरहर कुरुंदकरांना (1932–1982) इंटरच्या परीक्षेने पुन्हा पुन्हा अडवलं आणि तेच पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवून प्राचार्य झाले, हे आपल्याकडे प्रत्येक नापास पोराला माहीत असतं. मात्र इंटर अडलेली असतानाही ते ग्रंथालयातून उठत नव्हते, हा भाग तो सोयीने विसरतो. तुमच्या मुलाचे मार्क कुठे गेले ते उत्तरपत्रिका काढून पाहा. समजलेलं असून दोन ओळींत उत्तर उरकलंय, की मुळात समजलंच नाही? पहिलं दुखणं चार महिन्यांत बरं होतं.

अकरावी सायन्स हा एकच दरवाजा नाही, हे ह्यांच्याही कानावर घाला. दहावीनंतर तीन वर्षांचा तंत्रनिकेतनचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन. आयटीआय म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात, आणि घरातली लाईट गेली की त्याच माणसाची दिवसभर वाट बघतात. परीक्षा झाली की निकालापर्यंतची सुट्टी मोकळीच असते. तेव्हा त्याला नांदेडला विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेजात आणि लातूरच्या पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात नेऊन आणा. एखाद्या ओळखीच्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडे आठ दिवस बसवा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही दाखवा. आरोग्याकडे ओढा असेलच तर तो तिथेही दिसेल. परत आल्यावर 'आवडलं का?' असं विचारू नका, 'हो' म्हणून मोकळा होईल. 'तिथे काय काय बघितलंस?' असं विचारा आणि तो कुठल्या गोष्टीवर जास्त वेळ बोलतो ते ऐका. 'तुम्ही म्हणाल ते' म्हणणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा मत असतं. घरात ते आजवर कुणी ऐकून घेतलेलं नसतं.

आणि एक काम ह्यांच्यासाठी. पुढच्या वेळी कुणाचं बोलावणं आलं की त्यांनी मुलाबरोबर विहिरीवर जावं आणि काही न बोलता अर्धा तास बांधावर बसावं. तोवर लातूरच्या रूमचं डिपॉझिट तेवढं भरू नका.