बेटावरची शेती

मंडळी, मुंबईचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? आगगाडी, उंच इमारती, माणसांची गर्दी. शेत काही डोळ्यांपुढे येत नाही. पण गिरगावाला लागूनच एक जुनी वस्ती आहे. तिचे नाव खेतवाडी. खेत म्हणजे शेत. आज तिथे नांगर धरायला हातभर जमीन नाही. मग हे नाव आले कुठून?

आणखी नावे ऐका. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. ही सारी गिरगावातली. भाट म्हणजे बागायती जमीन. पुढे भायखळ्याकडे चिंचपोकळी, परळाजवळ लालबाग. नावे राहिली, झाडे गेली, शेते गेली. ही शेते कुणी केली, कशी केली आणि ती गेली कशी, ते आज आपण पाहू. त्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे.

सात बेटे

पूर्वी मुंबई एक गाव नव्हते. ती सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. भरतीला दोन बेटांच्या मधे पाणी चढे. ओहोटीला चिखल उघडा पडे. लोक चिखल तुडवीत पलीकडे जात आणि पाय धूत. पायधुणी हे नाव तसेच पडले, असे सांगतात.

या बेटांवर कोळी मासे मारीत. आगरी मीठ पिकवीत आणि भात लावीत. भंडारी माडावर चढून माडी काढीत. माहीमला आणि गिरगावाला माडांच्या दाट वाड्या होत्या. माडाच्या मुळाशी मासळीचे खत घालीत. त्या वासाने परदेशी प्रवासी नाक दाबीत, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. पण माड मात्र भरभरून धरत. माझगावच्या आंब्याचे नाव तर लांबवर गेले होते.

म्हणजे बेटावर शेती होती, आणि चांगली होती. पण ती सोपी नव्हती. बेटावरच्या शेतकऱ्याला तीन गोष्टींशी झगडावे लागते. एक खारे पाणी. दोन गोडे पाणी. तीन बाजार. आणि चौथी एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगू, कारण तीच सर्वांत मोठी आहे.

पहिली गोष्ट : खारे पाणी

वरळी आणि मुंबई या बेटांच्या मधे महालक्ष्मीजवळ मोठी खिंड होती. भरतीचे पाणी तिथून आत घुसे आणि मधली सारी सखल जमीन बुडवी. अठराव्या शतकात हॉर्नबी नावाचा गव्हर्नर होता. त्याच्या वेळी ही खिंड बांध घालून बुजवली. १७८४ च्या सुमारास ते काम झाले. लोक अजून एक गोष्ट सांगतात. बांध घातला की कोसळे. मग रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्न पडले. देवीच्या मूर्ती समुद्रातून वर काढल्या, तेव्हा बांध टिकला. महालक्ष्मीचे देऊळ त्यातूनच उभे राहिले, असे म्हणतात.

बांधामुळे समुद्र मागे हटला. पण मागे राहिलेली जमीन खारट होती. तिच्यात भात कसे घ्यायचे?

कोकणात हे काम शेतकरी पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. खाडीच्या कडेला मातीचा उंच बांध घालायचा. बांधात पाणी बाहेर सोडायला एक दार ठेवायचे. त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. पहिला पाऊस पडला की शेतात पाणी साठू द्यायचे. माती धुतली जाते, मीठ पाण्यात उतरते. ते पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे. असे पुन्हा पुन्हा करायचे. मग भात पेरायचे. आज खारट जमीन सोसणारी भातेही मिळतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती काढल्या आहेत.

पण एक ध्यानात घ्या. बांध एकट्याचा नसतो. तो एकाच्या शेताजवळ फुटला, तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. एका उधाणाने शेत नासले तर ते ताळ्यावर यायला वर्षे लागतात. म्हणून खेकड्याने बांधाला भोक पाडले, तर ते सगळ्या गावाने बुजवायचे. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. खारजमिनीत ते अक्षरशः खरे आहे. आणि बांधापुढची तिवरे तोडू नका. ती लाटेचा जोर मोडतात. ती तोडायला कायद्यानेही बंदी आहे.

दुसरी गोष्ट : गोडे पाणी

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढे पाणी, तरी उन्हाळ्यात टंचाई का? कारण बेट लहान. पाणी धावत जाऊन समुद्राला मिळते.

थोडे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय धरावी तसे. विहिरीत आपल्याला ती साय मिळते. रहाटाने बेताने पाणी काढले तर साय टिकते. मोटर लावून दिवसरात्र उपसले तर साय संपते आणि खालचे खारे पाणी वर येते. मग विहीर मचूळ होते. एकाने हाव केली तर शेजाऱ्याची विहीरही बिघडते.

यावर उपाय आपल्या माणसांनीच काढला होता. मुंबईच्या उत्तरेला साष्टी नावाचे मोठे बेट आहे. अंधेरी, बोरिवली, ठाणे ही सारी त्याच बेटावर आहेत. तिथून खाडी ओलांडली की वसई लागते. वसईच्या बाजूला शेतकऱ्यांनी वाडीत तळी खणली. त्यांना बावखल म्हणतात. पावसाचे पाणी बावखलात साठते, हळूहळू मुरते, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. त्या पाण्यावर केळी, पानवेल आणि फुले होत आली. पुढे घरे बांधायला पुष्कळ बावखले बुजवली गेली. बुजवायला एक दिवस पुरतो. विहीर खारट झाली की मग पश्चात्ताप होतो. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरे. पण आधी तळे हवे ना!

तिसरी गोष्ट : बाजार

बेटाच्या शेतकऱ्याकडे जमीन थोडी. पाच-दहा गुंठ्यांच्या भातावर घर चालत नाही. पण त्याच्याजवळ एक मोठी गोष्ट असते. शहर जवळ असते.

आम्ही एकदा पहाटे दादरच्या फुलबाजारात गेलो. दिवे अजून जळत होते. वसईकडची एक बाई टोपली उतरवून बसली होती. टोपलीत सोनचाफा होता. आम्ही विचारले, “मावशी, किती वाजता निघालात?”

ती म्हणाली, “दादा, फूल तोडायचं ते अंधारातच. पहिली गाडी गाठायची. गाडी चुकली की भाव गेला. फूल काय आपल्यासाठी थांबतं व्हय?”

“भात लावत नाही?”

“लावतो की, खाण्यापुरतं. पण एवढ्याशा वाडीत भातानं काय होणार? चाफ्याची थोडी झाडं आहेत, त्यावर पोरांची शाळा झाली.”

मावशीच्या बोलण्यात सारे आले. थोड्या जमिनीत जास्त मोलाचे पीक घ्यावे. फुले, पानवेल, पालेभाजी, केळीची पाने. जे रोज लागते आणि लांबून आणले तर सुकते, ते जवळच्या शेतकऱ्याने पिकवावे. पण नाशवंत मालाचा एक धोका असतो. दलालाला ठाऊक असते की हा माल परत नेणार नाही. तो भाव पाडतो. दहा घरांनी मिळून माल पाठवला, एकाने बाजारात बसून हिशेब लिहिला, तर भाव पाडणे सोपे जात नाही. हिशेब लिहायला मात्र अक्षर हवे. ते आता आपल्याजवळ आले आहे.

चौथी गोष्ट : कागद

आता ती शेवटची, मोठी गोष्ट.

मुंबईच्या शेतकऱ्याने समुद्राशी झुंज दिली. खारे पाणी हटवले. गोडे पाणी राखले. तरी शेत राहिले नाही. का?

जुनी हकीकत पाहा. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबईची बेटे ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडे वर्षाला १० पौंड. देणारा साता समुद्रापलीकडे. घेणारे व्यापारी. कसणाऱ्याला कुणी विचारले नाही.

पुढे बांध झाले. उघडी पडलेली खारी जमीन लोकांना हलक्या दराने कसायला मिळाली. तिला फोरास म्हणत. फोरास रोड हे नाव त्यावरूनच आले. लोकांनी ती जमीन सुधारली. मग वाद उठला, जमीन सरकारची की लोकांची? तो मिटवायला १८५१ साली वेगळा कायदा करावा लागला.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली. मग परळ, लालबाग, शिवडी भागात गिरण्यांची रांगच लागली. १८९६ साली प्लेग आला. शहरातली दाटी कमी करायला १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर, माटुंगा, शीव या बाजूला तेव्हा भातखाचरे आणि वाड्या होत्या. ट्रस्टने जमिनी घेतल्या, रस्ते आखले, प्लॉट पाडले. शहराला घरे हवी होती, हेही खरे. पण अशा वेळी भरपाई कशी ठरते? कागदावर ज्याचा जो हक्क असेल, त्याप्रमाणे. घाम कुणी गाळला, ते कागद विचारत नाही.

आणि गिरणीत कामाला कोण आले? रत्नागिरीचे, साताऱ्याचे छोटे शेतकरी. शेत पुरत नव्हते म्हणून आले. गडी खोलीत राही, घरची बाई गावाला शेत सांभाळी. मनीऑर्डर येई. तिच्याबरोबर दोन ओळी येत. त्या वाचून घ्यायला बाईला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. पुष्कळ जण गावी परतले. ज्याचे शेत शाबूत होते, नावावर होते, त्याला भाकरीचा आधार मिळाला. ज्याचे शेत गेले होते, त्याचे हाल झाले.

कुळांचेही तसेच. १९४८ साली कुळकायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ मालक होईल असे ठरले. पण कूळ असल्याची नोंद हवी. ज्याची नोंद होती, त्याचे काम सोपे झाले. नोंद नव्हती, त्याला आपले कसणे शाबीत करता करता नाकी नऊ आले.

म्हणून आमचे सांगणे आहे. आपला सातबारा स्वतः वाचा. त्यात दोन भाग असतात. गाव नमुना सात, त्यात मालकाचे नाव आणि क्षेत्र. गाव नमुना बारा, त्यात पिकांची नोंद. नाव बरोबर आहे का? वडील गेले असतील तर वारसांची नावे लागली का? बहिणीचे आणि आईचे नाव आहे का? इतर हक्क या रकान्यात काय लिहिले आहे? बोजा असेल तर कशाचा? हे सारे पाहा. आता सातबारा मोबाईलवरही मिळतो. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची सोय २०२१ पासून राज्यभर झाली आहे. चूक दिसली तर तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. न वाचता कुठेही अंगठा नाही, सही नाही.

खारे पाणी बांधाच्या भोकातून शिरते. फसवणूक न वाचलेल्या कागदातून शिरते. दोन्ही भोके वेळीच बुजवावी लागतात.

खेतवाडीला आता शेत नाही. पण गोराई, उत्तन, वसई या बाजूला अजून काही शेतकरी टिकून आहेत. आणि तुम्ही बेटावर राहत नसलात, तरी आपल्या चार गुंठ्यांभोवती अडचणींचे पाणी असतेच. बांध राखा. पाणी साठवा. मिळून विका. कागद वाचा. एवढे केले तर जमीन आपल्याला सोडून जाणार नाही.

विचार करा

१. आपल्या गावात शेतावरून, पिकावरून किंवा झाडावरून नाव पडलेली किती ठिकाणे आहेत? ती लिहा.

२. बांध फुटला तर सगळ्यांचे नुकसान का होते?

३. बावखल बुजवले तर विहिरीचे पाणी का बिघडते?

४. आपल्या घरचा सातबारा आणा. वर्गात सर्वांनी मिळून वाचा. त्यात कोणाकोणाची नावे आहेत? कोणाचे नाव राहिले आहे?