पिथौरागड : विमानात तास, हिशेबात दोन दिवस

गाझियाबादच्या हिंडन विमानतळावरून ११ ऑक्टोबर २०१९ रोजी पहिले प्रवासी विमान सुटले ते पिथौरागडसाठी. नऊ आसनांचे विमान, तिकीट अडीच हजारांच्या आसपास आणि तासाभराचा प्रवास. ती सेवा पुढे खंडित झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पिथौरागडचे विमान पुन्हा सुरू झाले, पण दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरून, तेही आठवड्यातून मोजके दिवस. तिकीट काढण्यापूर्वी वार आणि विमानतळ दोन्ही नीट पाहा. नाहीतर घाईघाईत हिंडनला जाऊन पोहोचाल.

हिंडन ते नैनी सैनी, म्हणजे पिथौरागडचे विमानतळ, हे अंतर सरळ रेषेत जेमतेम तीनशे किलोमीटर. रस्त्याने तेच साधारण साडेचारशे भरते. गंमत म्हणजे गाझियाबादकरांच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९ हापूड, मुरादाबाद, रुद्रपूर, टनकपूर करत थेट पिथौरागडलाच जातो. टनकपूरपर्यंत सपाटी, पुढचे दीडशे किलोमीटर नुसती वळणे. बारा-तेरा तास धरून चला. पावसाळ्यात चंपावतच्या अलीकडे दरड कोसळली की हा हिशेबही चुकतो.

आता पैसे. चौघांची गाडी पंधराचे मायलेज देत असेल, तर तीस लिटर पेट्रोल लागेल. लिटरला ९५ रुपये धरले तर २,८५० रुपये. वाटेत मुक्काम केलात तर त्याचे वेगळे. 'उडान' योजना आली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला, निम्म्या आसनांपुरते, अडीच हजारांचे भाडे ठरले होते. त्या दराने चौघांचे एका बाजूचे दहा हजार झाले असते. आजचे भाडे तारखेप्रमाणे बदलते. त्यात दिल्ली विमानतळापर्यंतची टॅक्सी मिळवा. घरातून निघणे, दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर गावात जाणे हे सगळे धरले की तासाचे सहज पाच तास होतात. तरी बारा तासांच्या वळणांपेक्षा ते परवडतात, विशेषतः बरोबर म्हातारी माणसे असतील तर.

खरी मेख हवामानाची. नैनी सैनी डोंगरात आहे, तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. ढग उतरले की विमान रद्द. अशा वेळी कंपनीने तिकिटाचे पैसे किंवा दुसरे विमान द्यायला हवे. हवामानामुळे झालेल्या खोळंब्याची भरपाई मात्र मिळत नाही. हॉटेलचा आणि परतीच्या टॅक्सीचा खर्च तुमच्याच खिशातून. तेवढी रक्कम बाजूला काढूनच निघा. परतावा अडवला तर 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा.

आणि पिथौरागडहून परतीच्या दिवशीच पुण्या-मुंबईची गाडी धरू नका. मधे एक रात्र मोकळी ठेवा.