पावसाळ्यात इंजिनाची ठिणगी जपणारे ग्रीस

मृग नक्षत्र लागले की बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात शेतीच्या कामांना वेग येतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मूग, उडीद, सोयाबीन व तूर ही पिके घेतली जातात. फवारणीसाठी पावसाची उघडीप मिळते ती दोन-तीन दिवसांचीच. नेमक्या त्याच वेळी पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप सुरू होत नाही आणि अळी मात्र कोणासाठी थांबत नाही. अशा प्रसंगी पुष्कळदा दोष इंजिनात नसतो. स्पार्क प्लगच्या टोपीत शिरलेला ओलावा त्यास कारण असतो. मोटारसायकलीचेही असेच होते.

प्लगमध्ये ठिणगी पडावी म्हणून कॉइलमधून हजारो व्होल्ट दाबाची वीज येते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ओल व धूळ यांचा थर बसला, की ही वीज त्या थरावरून इंजिनाच्या धातूत उतरते. मग ठिणगी क्षीण होते किंवा पडतच नाही.

कोणते ग्रीस निवडावे?

या जागी लावावयाच्या ग्रीसमध्ये तीन गुण हवेत. त्याने वीज वाहून नेऊ नये, उष्णतेने वितळू नये आणि रबर फुगवू नये. हे गुण सिलिकॉन ग्रीसमध्ये असतात. दुकानात ते 'डायइलेक्ट्रिक ग्रीस' या नावाने मागावे. अमेरिकेत 1943 साली स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीने असेच ग्रीस दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेसाठी पुरविले होते.

चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस घरात असते म्हणून तेच येथे लावू नये. त्यातील खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगून सैल पडते. ग्रॅफाइट किंवा तांब्याची पूड असलेले ग्रीस तर मुळीच वापरू नये. त्यातून विजेला आडवाट मिळते. पेट्रोलियम जेली तापलेल्या इंजिनाजवळ वितळते. मात्र बॅटरीची टोके स्वच्छ करून घट्ट आवळल्यावर त्यांवर बाहेरून तिचा लेप देणे हितावह असते.

लावण्याची रीत

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगची टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. टोपीला तडा गेला असल्यास ती बदलावी. ग्रीसने तडा बुजत नाही. त्यानंतर टोपीच्या रबरी तोंडाच्या आतील कडेस ग्रीसचा पातळ थर द्यावा. वीज जोडणाऱ्या धातूच्या टोकांवर ते थापू नये, कारण धातूला धातू भिडलाच पाहिजे. शेवटी टोपी घट्ट दाबून बसवावी व बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकावे. ओल आत असताना ग्रीस लावल्यास ती तेथेच कोंडली जाते, म्हणून आधी टोपी कोरडी करणे अत्यावश्यक आहे.

डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतो. म्हणून प्लगविषयीची ही माहिती पेट्रोल इंजिनापुरतीच समजावी.

हरभऱ्याएवढे ग्रीस एका टोपीस पुरते. शेतकरी बंधूंनी हे काम मृगापूर्वीच उरकावे, म्हणजे उघडिपीचा दिवस यंत्राच्या दुरुस्तीत न जाता पिकाच्या कामी येईल.