ब्रेक ऑइल : पाणी आणि हवेपासून सावध

आमच्या धंद्यात माल वेळेवर पोहोचणे म्हणजे अर्धा नफा. मालेगाव, भिवंडीकडचे कित्येक भाऊ स्वतःच्या छोट्या व्हॅनमधून तागे आणि गाठी नेतात. इंजिन ऑइलचा हिशेब सर्वजण ठेवतात. ब्रेक ऑइलची आठवण मात्र ब्रेक ढिला झाल्यावरच होते. मालेगावहून माल भरून कसारा घाट उतरताना ही गफलत जिवावर बेतू शकते, आपल्याही आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याच्याही.

पावसाळ्यात उघड्या गाठीला दमट हवा लागली की कापड ओल धरते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगावे लागत नाही. ब्रेक ऑइलचे तसेच आहे. डॉट ३ व डॉट ४ ही ग्लायकॉल जातीची तेले हवेतील ओलावा ओढून घेतात. मानकाप्रमाणे नवे डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाकडचे तेल तापून उकळते व वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. नळीत हवा शिरली तरी पेडल असेच स्पंजासारखे लागते. यावर उपाय एकच : जुने तेल आणि हवा बाहेर काढणे. यालाच गॅरेजवाले ब्लीडिंग म्हणतात.

हे काम दोघांनी करावे.

१) गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली मजबूत स्टँड द्यावा.

२) टाकीच्या झाकणावर जे डॉट लिहिले असेल तेच तेल, सीलबंद डब्यातून घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

३) सुरुवात बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करतात. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात पाहावा.

४) निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या तेलात बुडवावे. एकाने पेडल हळू दाबून धरावे. दुसऱ्याने निपल सैल करावा, तेल बाहेर आले की घट्ट करावा आणि मगच ‘सोडा’ म्हणावे. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा पुन्हा आत शिरते.

५) बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हेच करावे. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. काढलेले तेल परत ओतू नये.

शेवटी पेडल कडक लागते का आणि कुठे गळती आहे का ते पाहावे. मोकळ्या जागेत, कमी वेगात ब्रेक तपासूनच रस्त्यावर यावे. पेडल तरीही नरम असेल तर गाडी हलवू नये, मिस्त्रीला बोलवावे. एबीएस असलेल्या काही गाड्यांना ब्लीडिंगसाठी कंपनीचे यंत्र लागते, त्या गॅरेजमध्येच न्याव्यात. मोठ्या ट्रकच्या एअर ब्रेकला ही रीत लागू नाही.

तेल हाताळतानाही एहतियात हवी. ते रंग खाते. गाडीच्या पत्र्यावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. लायनर किंवा पॅडवर पडू देऊ नये. ते विषारी आहे, म्हणून पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत कधीही भरू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहावे व डॉक्टरांकडे जावे. वापरलेले तेल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे. फार दिवस उघडा राहिलेला डबा स्वस्त वाटला तरी वापरू नये.

बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी तेल बदलण्यास सांगितलेले असते. आमचा सल्ला असा की ही तारीख हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवावी. आणि तेल नवे असले तरी घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.