घर आपले, जमीन कोणाची?

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. त्याच्या दक्षिण भागात डोंगरांच्या रांगांमधून अनेक चिंचोळ्या दऱ्या समुद्राकडे उतरत गेल्या आहेत. त्यांपैकी ऱ्होंदा ही दरी एके काळी दगडी कोळशासाठी साऱ्या जगात प्रसिद्ध होती. खरे पाहता ही एक दरी नसून दोन आहेत. एक थोरल्या ऱ्होंदा नदीची व दुसरी धाकट्या ऱ्होंदा नदीची. पोर्थ ह्या गावी दोन्ही नद्यांचा संगम होतो आणि पुढे त्यांचे पाणी टॅफ नदीस मिळून कार्डिफ बंदराकडे जाते. आज ह्या दरीत कोळशाची एकही खाण चालू नाही. तरीही तेथे सुमारे ७०,००० माणसे राहतात आणि घर विकत घेऊ इच्छिणारी बेताच्या कमाईची कुटुंबे अजूनही तिकडे वळतात, कारण ब्रिटनमधील अतिशय स्वस्त घरांत तेथील घरांची गणना होते. ही घरे कोणी बांधली, कशी बांधली आणि ती इतकी स्वस्त का झाली, हा इतिहास एखाद्या राजघराण्याच्या इतिहासाइतकाच ऐकण्याजोगा आहे.

ज्या विभागात दरीचा बहुतेक भाग मोडत असे, त्याची लोकसंख्या १८५१ साली अवघी ९५१ होती. डोंगरउतारावर मेंढ्या चरत, नदीकाठी झाडी होती आणि शेतकऱ्यांची घरे एकमेकांपासून दूर विखुरलेली होती. १८५५ च्या डिसेंबरात दरीच्या वरच्या टोकाशी असलेल्या ट्रेहर्बर्ट येथून कोळशाची पहिली आगगाडी कार्डिफला गेली आणि सारे चित्र पालटले. येथील कोळसा धूर फार थोडा करी व उष्णता पुष्कळ देई. म्हणून आगबोटींस तो विशेष मानवे. ब्रिटिश आरमाराने त्यास पसंती दिली. आपल्या मुंबई बंदरात येणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांतही वेल्सचा कोळसा जळत असे. पुढील ५० वर्षांत दोन्ही दऱ्यांत मिळून पन्नासाहून अधिक खाणी खोदल्या गेल्या. १९११ च्या शिरगणतीत ऱ्होंदाची लोकसंख्या १,५२,७८१ भरली. साठ वर्षांपूर्वी जेथे हजार माणसेही नव्हती, तेथे दीड लाख माणसे राहू लागली!

एवढ्या माणसांना राहावयास घरे कोठून आणावी? दरीचा तळ इतका अरुंद की नदी, लोहमार्ग, रस्ता व खाण ह्यांनाच ती जागा पुरेना. तेव्हा घरे डोंगराच्या अंगावर चढली. डोंगरातूनच काढलेल्या करड्या दगडाच्या भिंती, वर पाटीच्या दगडाचे छप्पर, आणि एका घराची भिंत तीच शेजारच्या घराची भिंत, अशी शेकडो फूट लांबीच्या ओळींची रचना झाली. त्या ओळी पाहून आपल्याकडील चाळीची आठवण होते. पण चाळीत एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड असते. येथे खालच्या व वरच्या मजल्यावरील मिळून चार-पाच खोल्या एकाच कुटुंबाच्या असत. पुढचा दरवाजा थेट रस्त्यावर उघडे. मागे लहानसे अंगण आणि त्यात कोळशाची कोठडी असे.

ह्यांतील काही घरे खाणमालकांनी बांधली व मजुरांस भाड्याने दिली. परंतु फार मोठ्या संख्येने घरे उभी राहिली ती खाणकामगारांच्या आपल्याच मंडळ्यांमधून. वीस-पंचवीस किंवा कधी चाळीस-पन्नास कुटुंबे एकत्र येत व 'इमारत मंडळी' स्थापन करीत. मंडळी जमीन मिळवी, कर्ज उभारी आणि बांधकाम ठेकेदारास काम सांगे. प्रत्येक सभासद दरमहा ठरावीक वर्गणी भरी. घरे जसजशी पुरी होत, तसतशा चिठ्ठ्या टाकून ती सभासदांस वाटली जात. ज्यास पहिल्याच सोडतीत घर मिळे, तोही शेवटची पै फिटेपर्यंत वर्गणी भरण्यास बांधलेला असे. नाही तर मागे राहिलेल्यांचे घर कोठून होणार? सर्व कर्ज फिटले की मंडळी विसर्जित होई. हे लोक धनिक नव्हते. रोज जमिनीखाली उतरून कुदळीने कोळसा फोडणारी ही माणसे होती. १८६७ साली फर्नडेल येथील खाणीत स्फोट होऊन १७८ माणसे एकाच दिवशी मरण पावली होती. अशा धोक्याच्या कामातून आलेल्या मजुरीतली ही वर्गणी होती. ब्रिटनमधील इतर औद्योगिक शहरांच्या मानाने स्वतःच्या घरात राहणाऱ्या कामगारांचे प्रमाण ऱ्होंदात पुष्कळच अधिक होते.

घराची मालकी कामगाराची झाली खरी, पण येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. घर त्याचे असले तरी घराखालची जमीन त्याची नव्हती. दरीतील जमीन थोड्या मोठ्या जमीनदारांच्या हाती होती आणि ते ती विकत नसत. ९९ वर्षांच्या पट्ट्याने देत. घरमालक दरवर्षी जमिनीचे भाडे भरी. आणि ९९ वर्षे संपली की जमीन तर परत जाईच, पण तिच्यावर उभे असलेले घरही जमीनदाराचे होई! जमिनीच्याही खाली जो कोळसा होता, त्यावरही जमीनदाराचाच हक्क असे, व तो काढण्याचा मक्ता खाणकंपनीकडे असे. काढलेल्या प्रत्येक टनामागे जमीनदारास स्वामित्वधन मिळे. कोळसा काढून घेतल्यावर खाली पोकळी राही, हळूहळू वरची जमीन खचे आणि घराच्या भिंतींस तडे जात. ह्याबद्दल भरपाई मागता येणार नाही, असे बहुधा पट्ट्याच्या कागदातच लिहिलेले असे. म्हणजे बाप दिवसा जो कोळसा खणून काढी, त्याच्याच अभावी रात्री त्याच्या घराची भिंत चिरत असे. एका घराचे असे तीन थर आणि त्यांपैकी सर्वांत वरचा तेवढा राहणाऱ्याचा!

त्या घरातील गृहिणींच्या कष्टांविषयी इतिहासाच्या पुस्तकांत फारच थोडे लिहिलेले आढळते, म्हणून दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. खाणीवर अंघोळीची सोय नसल्याने कामगार काळ्या धुळीने माखलेला घरी येई. चुलीपुढे पत्र्याचे टब मांडून त्यास अंघोळ घालावी लागे. बाप, थोरला मुलगा, पोटभाडेकरू असे तिघे निरनिराळ्या पाळ्यांत काम करीत असतील, तर घरच्या बाईला पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पाणी तापवीत राहावे लागे. जड हंडे उचलून कित्येक स्त्रियांची प्रकृती कायमची ढासळली, आणि उकळत्या पाण्याने लहान मुले भाजल्याच्या घटना तर नेहमीच्या होत्या. खाणींवर न्हाणीघरे झाली ती पुढे हळूहळू. वेल्समध्ये त्यांचा आरंभ १९१६ साली झाला. घराची वर्गणी पुरुषाच्या नावावर भरली जाई. परंतु त्या घराचे मोल स्त्रीनेही तितकेच दिले होते.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाचे दिवस फिरले. जहाजे तेलावर चालू लागली आणि इतर देशांचा स्वस्त कोळसा बाजारात आला. १९२६ च्या मोठ्या संपात कामगार हरले आणि त्यानंतर खाणींमागून खाणी बंद पडू लागल्या. हजारो माणसे काम शोधीत इंग्लंडमधील ऑक्सफर्ड, स्लाउ, कॉव्हेंट्री अशा शहरांकडे गेली. भाड्याने राहणारा कुलूप लावून निघून जाई. परंतु ज्याने पंचवीस वर्षे वर्गणी भरून घर उभे केले होते, त्याने काय करावे? घर विकावे तर घेणारा कोणी नाही. सोडून जावे तर आयुष्याची कमाई मागे राहते. जे घर त्याचा आधार होते, तेच आता त्याच्या पायातील बेडी झाले.

नंतरच्या काळात ते तीन थर एकेक करून मोकळे झाले. १९४२ साली जमिनीखालील कोळसा राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि १ जानेवारी १९४७ रोजी खाणीही राष्ट्राच्या झाल्या. त्या दिवशी खाणीखाणींवर तसे फलक लागले व कामगारांनी आनंदोत्सव केला. १९५७ च्या कायद्याने खचलेल्या घरांच्या दुरुस्तीची वा भरपाईची जबाबदारी सरकारी कोळसा मंडळावर आली. जमिनीचा प्रश्न मात्र अजून तसाच होता, आणि १८६० नंतरचे ९९ वर्षांचे पट्टे आता संपत आले होते. आजोबांनी बांधलेले घर नातवाच्या हातून जाणार, हा अन्याय दक्षिण वेल्समधील लोकांनी संसदेपुढे सतत मांडला. अखेर १९६७ साली कायदा होऊन पट्ट्यावरील घरात राहणाऱ्यांना अटी पूर्ण केल्यास आपल्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. पण घर, जमीन व कोळसा हे तिन्ही जमीनदाराच्या हातून सुटू लागले, तोवर ज्या कामासाठी ही गावे वसली तेच संपत चालले होते. १९८४-८५ साली खाणी बंद करण्याविरुद्ध कामगारांनी वर्षभर संप केला. तो फसला. धाकट्या ऱ्होंदाच्या टोकाशी असलेली मार्डीची खाण १९९० च्या डिसेंबरात बंद झाली. ती ह्या दरीतील शेवटची. एकत्र वर्गणी काढण्याची जुनी सवय मात्र ह्या प्रदेशातून गेली नाही. डोंगरापलीकडील टॉवर नावाची खाण सरकारने १९९४ मध्ये बंद केली, तेव्हा २३९ कामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून ती विकत घेतली आणि २००८ पर्यंत स्वतः चालविली.

खाणी गेल्या, तरी त्यांनी बाहेर टाकलेल्या दगडमातीचे ढिगारे डोंगरांवर राहिले. अशा ढिगाऱ्यांची भीती काय असते, हे शेजारच्या टॅफ नदीच्या दरीतील ॲबरवॅन ह्या गावाने २१ ऑक्टोबर १९६६ रोजी पाहिले. झऱ्यावर रचलेला तेथील एक ढिगारा सकाळी सव्वानऊच्या सुमारास घसरून गावातील शाळेवर कोसळला. वर्ग नुकतेच भरले होते. १४४ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ११६ मुले होती. चौकशीअंती सारा दोष कोळसा मंडळाचा ठरला. उरलेले ढिगारे हलवावेत म्हणून गावकऱ्यांना झगडावे लागले, आणि त्या खर्चासाठी मृतांच्या कुटुंबांकरिता जमलेल्या निधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. ती रक्कम सरकारने १९९७ साली परत केली. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी पावसात ऱ्होंदातील टायलर्सटाउन येथे अशाच एका जुन्या ढिगाऱ्याचा मोठा भाग नदीत घसरला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. वेल्समध्ये अशा सोडून दिलेल्या ढिगाऱ्यांची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी तेथील संसदेने २०२५ साली स्वतंत्र कायदा केला.

आता आज तेथे घर घेणारे कुटुंब काय पाहते ते पाहू. ब्रिटनमधील घराची सरासरी किंमत अडीच लाख पौंडांहून अधिक आहे. दरीच्या वरच्या भागात ओळीतील साधे घर त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीस मिळू शकते. किंमत ऐकून हुरळून न जाता शहाणा माणूस प्रथम वकिलामार्फत खाणींचा दाखला मागवितो. घराखाली जुने खणकाम झाले आहे काय, जवळपास एखाद्या बुजविलेल्या विहिरीसारख्या खाणीचे तोंड आहे काय, पूर्वी घर खचल्याची नोंद आहे काय, हे सर्व त्यात असते. बँकही कर्ज देण्यापूर्वी बहुधा हा दाखला पाहते. मग जमिनीचा कागद तपासावयाचा. कारण काही घरांच्या बाबतीत जमीन अजूनही पट्ट्याचीच आहे. दगडी भिंती भरीव असल्याने त्यांत ओल चढते, आणि पाऊस तर तेथे फार. दरीच्या माथ्याकडे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कोकणात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. तेथे बारा महिने झिमझिमत राहतो.

कामधंदा हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि स्वस्ताईचे खरे कारणही तेच. दरीत पुरेसे काम नाही, म्हणून पुष्कळ लोक रोज कार्डिफला जातात. ट्रेहर्बर्टहून आगगाडीने सुमारे तासभर लागतो. हा लोहमार्ग विजेवर चालविण्यासाठी २०२३ साली बंद ठेवला होता. तो २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. धाकट्या ऱ्होंदात मात्र १९६४ पासून प्रवासी गाडीच नाही. तेव्हा मार्डीचे घर ट्रेहर्बर्टच्या घराइतकेच स्वस्त दिसले, तरी रोजच्या बसचा वेळ त्याच्या किमतीत मिळवूनच हिशेब करावा लागतो.

उलट बाजूही आहे. ट्रिऑर्की ह्या गावात कामगारांच्या वर्गणीतून उभारलेले नाट्यगृह आजही चालू आहे, आणि तेथील बाजारपेठेस २०१९ च्या स्पर्धेत साऱ्या ब्रिटनमधील उत्कृष्ट बाजारपेठेचा मान मिळाला. खाणींच्या काळात काळीठिक्कर असलेली नदी पुन्हा स्वच्छ वाहते. ओळीतील घरांत शेजार इतका जवळचा की भिंतीवर टकटक केली तरी पलीकडून कोणी ओ देते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही दाखल्यात लिहिलेली नसते. दरी खोल व डोंगर उंच असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य फार वर येत नाही आणि एका बाजूच्या ओळींवर दुपारीच सावली पडते. म्हणून जाणते लोक घर पाहावयास उन्हाळ्यात न जाता डिसेंबर महिन्यात जातात, आणि ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता गेले ते घड्याळात पाहून ठेवतात.